आजीच्या ट्रंकेतल्या पुरचुंड्या: कोणी ओळखेल का?

बोरीकाठची_लेक (गुरुवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीपासून हाकेच्या अंतरावर. मी पुण्यात राहते, कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या उत्सवासाठी, गावी आले आहे. रविवारी कानबाई बसणार म्हणून घर झाडून, रंगवून काढलं, तेव्हा माळ्यावरची आजीची ट्रंक खाली आली. आजीला जाऊन दोन वर्षं झाली. ती आजूबाजूच्या पाच-सात गावांची सुईण होती. नुसती बाळंतपणं नाहीत, लेकरांचा मुरडा, बायांची दुखणी, कापलं, भाजलं, सगळं आधी आमच्या ओट्यावर यायचं आणि मग गरज पडली तर दवाखान्यात.

ट्रंकेत पाच पुरचुंड्या निघाल्या:

१. करड्या गोट्या. इतक्या टणक की खलबत्त्यात फुटत नाहीत.
२. चपट्या, तांबूस तपकिरी बिया.
३. पिळ्याच्या शेंगा. ही मुरुडशेंग, एवढं मला कळतं. बाळघुटीत उगाळायची.
४. पत्त्यांतल्या बदामासारख्या आकाराच्या काळ्या बिया. फडक्याला डाग पडले आहेत.
५. लाल फडक्यात बांधलेली वाळकी मुळी. बोटाएवढी जाड, मधेच वाकलेली.

पहिल्या तीनला एकेक गाठ, चौथीला दोन, पाचवीला तीन. आजीचं सगळंच घट्ट बांधलेलं असायचं. तिला लिहिता येत नव्हतं. आत्याने कधीतरी चिठ्ठ्या लिहून आत टाकल्या होत्या, पण पत्र्याच्या ट्रंकेत ओल शिरून शाई पसरली. पाचव्या चिठ्ठीवर सुरुवातीचा ‘क’ आणि शेवटचं ‘लाई’ एवढंच उरलं आहे. आत्या सुरतला असते, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, आठवडाभर फोन नको असं सांगितलं आहे.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. या वस्तूंची ओळख, आणि तुमच्या घरांत यातलं काय अजून वापरात आहे, काय सोडून दिलं, तेही लिहा. आजी होती तेव्हा मी कधी विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

पांझराकाठ (गुरुवार, रात्री ९:४२)

ताई, आधी चौथीबद्दल. तो बिब्बा आहे. उघड्या हाताने परत धरू नका. धरला असेल तर साबणाने हात धुवा, खोबरेल लावा, आणि डोळ्याला तर हात अजिबात नको. माझ्या काकांनी टाचेच्या भेगांत बिब्बा तापवून भरला होता, तोच हात झोपेत पापणीला लागला. दोन दिवस डोळा उघडला नाही. बिब्ब्याचं झाड आंबा-काजूच्याच कुळातलं, पण त्याचं तेल कातडी जाळतं. पूर्वी परीट कपड्यावर खूण करायला हेच वापरायचे, डाग धुतला तरी जात नाही.

पहिले सागरगोटे. दुसरी पळसपापडी, पळसाच्या शेंगेतली एकुलती एक बी. लहानपणी जंत झाले की आई चिमूटभर कुटून गुळातून द्यायची. चिमूटच. जास्त झालं की पोट धरून बसायची पाळी यायची.

घरात अजून काय चालतं विचाराल तर दगडी पाला. कापूस वेचताना बोंडाचं टोक घुसलं, निंदताना विळा लागला, की बांधावरचा पाला चोळून रस पिळायचा. रक्त थांबतं. माय म्हणायची, “काय व्हयनं रे? दगडी पाला लाव, बठ जराखा.” आजही माझ्या शेतात मजूर हेच करतात.

शेवभाजी_दोन_प्लेट (गुरुवार, रात्री १०:०५)

सर्दीवर आमच्या घरचं औषध एकच, काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. पहिल्या घासाला नाक मोकळं, दुसऱ्याला डोळे. याला वैद्यांनी मान्यता द्यावी ही विनंती 🙂

ताई, तुमची आजी मोठी माणूस होती. माझाही जन्म सुईणीच्या हातचा, चोपड्याचा.

कांदेबाग_रावेर (गुरुवार, रात्री १०:३१)

पाचवी म्हणजे सफेद मुसळी असणार, मला तरी दुसरं सुचत नाही. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे मुसळीची लाट आली होती. केळीचे बाग काढून लोकांनी मुसळी लावली, बियाणं विकणारे ‘माल आम्हीच परत घेऊ’ म्हणाले आणि काढणीच्या वेळी दिसले नाहीत. माझ्या वडिलांचे पैसे त्यात गेले, म्हणून ती मुळी डोळ्यांसमोर आहे. वाळली की अशीच बोटासारखी दिसते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, सुईणीकडे असणारच. दुधात उकळून घेतली तर ताकदीला चांगली.

बोरीकाठची_लेक (गुरुवार, रात्री १०:५०)

पांझराकाठ दादा, हात धुतले. मनगटावर लाल चट्टा आला आहे, खोबरेल लावलं. तुम्ही वेळेवर सांगितलंत.

कांदेबाग दादा, मुसळीचं पटतं आहे. आई म्हणते थोडी उगाळून बघू. चुलतबहीण बाळंतीण होऊन घरी आली आहे, तिला दूध कमी आहे.

सातपुड्याची_पायवाट (गुरुवार, रात्री ११:०२)

ताई, कृपया थांबा. मी शहाद्याकडे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ओळख पटल्याशिवाय कोणतीच मुळी कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नका, बाळंतिणीच्या तर मुळीच नाही. चिठ्ठीत ‘क’ आहे, मुसळीत ‘क’ कुठे आहे? मुळीचं वर्णन सांगा: एका जागी काटकोनासारखी वळते की सरळ आहे? साल कशी आहे? एकेकटी आहे की गुच्छातली तुटलेली वाटते? शक्य तर उजेडात फोटो काढा. तोवर पुन्हा बांधून उंचावर ठेवा.

बोरीकाठची_लेक (गुरुवार, रात्री ११:१५)

ठेवली. आईलाही सांगितलं. फोटो सकाळी.

पिंप्राळा_ते_परळ (शुक्रवार, सकाळी ७:२०)

हेच मी नेहमी सांगतो. आजीबद्दल आदर आहे, पण जे काय आहे ते माहीत नाही, मात्रा माहीत नाही, आणि आपण दुधात उकळायला निघालो. माझ्या मावसभावाला काविळीत नाकात कडू रस सोडला, माळ घातली, पंधरा दिवस वाया गेले. शेवटी पित्तनलिकेत खडा निघाला. झाडपाला हा विषय आता संग्रहालयात ठेवावा.

साक्रीचा_डॉक्टर (शुक्रवार, दुपारी १:४०)

ओपीडी आवरून लिहितो आहे. मी धुळे जिल्ह्यात ग्रामीण भागात अकरा वर्षं काम करतो. वरच्या दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे.

काविळीची माळ आधी घेऊ. देठांचे हिरवे तुकडे दोऱ्यात गुंफतात. ते सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबत जाते आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला, नका घालू. म्हणून माळेला यश मिळतं. पण तीच माळ ‘बी’ला, पित्ताच्या खड्याला किंवा गरोदर बाईच्या ‘ई’ला घातली तर माणूस जातो. गरोदरपणात ‘ई’ कावीळ फार घातक असते. रक्त तपासा, मग माळ घालायची तर घाला, माझी हरकत नाही.

सापाचंही तसंच. बरेच साप बिनविषारी, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी पुरेसं विष सोडतोच असं नाही. अशा वेळी पाजलेली कोणतीही मुळी ‘लागू पडते’. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांच्या खऱ्या दंशावर प्रतिविष सोडून उपाय नाही. १०८ ला फोन करा, चावलेला भाग हलवू नका, आवळून बांधू नका. पावसाळ्यात आमच्याकडे मक्याच्या आणि कपाशीच्या शेतातून पेशंट येतात. ज्यांना आधी बडव्याकडे, म्हणजे मंत्र आणि झाडपाला करणाऱ्या गावच्या जाणत्याकडे, नेलेलं असतं, त्यांच्या नातेवाइकांवर मी पूर्वी ओरडायचो. आता बडव्यालाच सांगून ठेवलं आहे: तू हात लाव, मंत्र म्हण, पण गाडी आधी बोलव. तो ऐकतो. गेल्या पावसाळ्यात त्याने स्वतः दोघांना मोटरसायकलवर माझ्याकडे आणलं.

घुटीबद्दल एक सांगायचं राहिलं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, घुटीही नाही, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको. चुलतबहिणीला दूध कमी वाटत असेल तर बाळाला जास्त वेळा पाजायला सांगा आणि बाळाचं वजन करून घ्या. बहुतेक वेळा दूध पुरेसं असतं, धीर कमी पडलेला असतो.

रसशाळा_जळगाव (शुक्रवार, दुपारी ४:१५)

मी आयुर्वेदाचा वैद्य. डॉक्टरांशी सहमत. फक्त पिंप्राळा यांना उत्तर द्यायचं आहे, कारण ‘संग्रहालयात ठेवा’ हे मनाला लागलं.

अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन तयार झालं, जे आज खोकल्याच्या कितीतरी औषधांत असतं. सर्पगंधा घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ही मुळी कोणाच्या तरी आजीने सांभाळली नसती तर वकिलांच्या हाती काय आलं असतं?

पण मी माझ्या पेशंटना हेही सांगतो की अडुळसा गरोदर बाईला द्यायचा नाही, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. कोरोनात लोकांनी गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने ढोसले, त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेले पेशंट नोंदवले. गुळवेलीमुळे की तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे, यावर वाद झाला. माझ्या मते हा वाद होऊ शकला हेच मुख्य दुखणं आहे. तोडणाऱ्याला वेल ओळखता येत नाही, विकणाऱ्याला ओळखायची नाही, आणि पिणारा मात्रा विचारत नाही.

शेवभाजी_दोन_प्लेट (शुक्रवार, संध्याकाळी ६:००)

आमच्याकडे गुळवेल नाही, ‘गुयवेल’. अडुळसा नाही, ‘अडुयसा’. पुण्याच्या दुकानात मी गुयवेल मागितली तर दुकानदाराने गुलाबाची वेल दाखवली 😀

रानभाज्यांचंही लिहा ना कोणी. टाकळा, कुर्डू, कर्टुलं. पावसाळ्यात पहिला टाकळा खाल्ला नाही तर आई घरात घेत नाही.

पांझराकाठ (शुक्रवार, संध्याकाळी ६:२५)

कोवळा टाकळा लसूण-मिरचीत परतून, वर शेंगदाण्याचा कूट. खरजेवर, नायट्यावर त्याच्याच बिया ताकात वाटून लावायचे. भाजी मात्र पहिल्या महिनाभरातलीच, नंतर पान कडवट आणि राठ होतं.

अक्राणीचा (शुक्रवार, रात्री ८:५०)

मी धडगावकडचा, पावरा. तुमचं सगळं वाचलं. इथे आजी, वैद्य, डॉक्टर, प्राध्यापक सगळ्यांची नावं आली, पण मुळी खणून आणणाऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो.

अमळनेरच्या सुईणीकडे मुरुडशेंग कुठून आली? ती डोंगरातली. माझी आजी आणि तिच्यासोबतच्या बाया मोहफुलं, चारोळी, डिंक, शेंगा डोक्यावर घेऊन बाजाराला उतरायच्या. त्या बदल्यात मीठ, मिरची, कापड. सुईणी त्यांच्याकडून घ्यायच्या आणि त्याच बाजारात एकमेकींना उपयोग विचारायच्या. शिकणं दोन्हीकडून होतं.

आमच्यात नियम होता. पानं पिवळी पडून बी गळेपर्यंत मुसळी खणायची नाही, आणि एका जागची सगळी काढायची नाही. मग व्यापारी किलोवर आले. भर पावसात, बी धरायच्या आत खणायला सुरुवात झाली. माझ्या लहानपणी घरामागच्या उतारावर जी मुसळी होती ती बघायला आता अर्धा दिवस चालावं लागतं. धावड्याला डिंकासाठी एवढे घाव घालतात की झाड उभ्याउभ्या वाळतं. सालईचंही तेच. औषध खरं की खोटं यावर तुम्ही भांडा, पण झाडच राहिलं नाही तर कशावर भांडणार?

आणि आमचा बडवाही सगळं सांगत नाही. लोक येतात, फोटो काढतात, लिहून घेतात, परत तोंड दाखवत नाहीत. त्याने का सांगावं?

सातपुड्याची_पायवाट (शुक्रवार, रात्री ९:३०)

दादा, तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

हळदीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. जखमेवर हळद लावणं हा शोध म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने लेखी पुरावे पुढे ठेवले तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुरावा लेखी होता म्हणून जिंकलो. बडव्याकडे, सुईणीकडे आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावागावात समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती कोणीतरी टेबलावर बसून भरलेली असते. गावाने स्वतः भरली, काय उघड करायचं आणि काय नाही हे गावाने ठरवलं, तर तिला अर्थ आहे.

अक्राणीचा (शुक्रवार, रात्री ९:४४)

वाचा मॅडम. पण एकदा पोरांना घेऊन या, आमच्या बाया दाखवतील. नुसतं वाचून झाड कळत नाही.

पिंप्राळा_ते_परळ (शुक्रवार, रात्री १०:१०)

‘संग्रहालय’ हा शब्द मी मागे घेतो. मावसभावाचे ते पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीत, त्या रागात लिहिलं गेलं. अक्राणीच्या दादांचं म्हणणं मी कधी ऐकलंच नव्हतं.

बोरीकाठची_लेक (शनिवार, सकाळी ८:३०)

फोटो टाकला आहे. मुळी मधे जवळजवळ काटकोनात वळते, दोन्ही टोकं निमुळती. साल पातळ, तपकिरी, सोललं तिथे आत पांढरं. सहा तुकडे आहेत, सगळे असेच वाकडे.

सातपुड्याची_पायवाट (शनिवार, सकाळी ८:४१)

ताई, ही मुसळी नाही. मुसळीची मुळं सरळ बोटांसारखी, एका गुच्छात येतात. ही नांगरासारखी वळलेली आहे. संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते याच आकारावरून. ‘क’ आणि ‘लाई’च्या मधे काय असेल ते आपल्या बोलीत म्हणून बघा. ळ चा य होतो ना आपल्याकडे? गुयवेल, अडुयसा, तशी कयलाई.

कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळं ज्वाळेसारखं फूल येतं, पानाचं टोक आधाराला गुंडाळतं, तीच. हिच्या कंदात कोल्चिसिन असतं. वातरक्तावर (गाउटवर) डॉक्टर त्याच्या मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात, पण कंद पोटात गेला तर आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव बंद पडत जातो. उकळून विष जात नाही.

साक्रीचा_डॉक्टर (शनिवार, सकाळी ९:०५)

दुजोरा देतो. कळलावी खाल्लेला एक पेशंट मी पाहिला आहे, रताळं समजून खाल्ली होती. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. यावर सहज मिळणारा उतारा नाही. कोणी चाखलीसुद्धा असेल तर त्रास व्हायची वाट न बघता आत्ता दवाखान्यात जा.

कांदेबाग_रावेर (शनिवार, सकाळी ९:२०)

माझ्या हातापायातलं बळ गेलं हे वाचून. ताई, मी खात्री नसताना ‘दुधात उकळून घ्या’ लिहिलं. चूक माझी आहे. माझा तो प्रतिसाद कोणी अर्धवट वाचून वापरू नये म्हणून वर ‘चुकीची माहिती’ असं लिहायला मी संपादकांना सांगितलं आहे. बाळंतीण ताई ठीक आहेत ना?

बोरीकाठची_लेक (शनिवार, सकाळी ९:२८)

ठीक आहे दादा. कोणीही तोंडात घातलेली नाही. गुरुवारी रात्री मॅडमनी थांबवलं तेव्हाच आईने सहाण परत धुऊन ठेवली होती. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलं होतंत.

रसशाळा_जळगाव (शनिवार, सकाळी ११:१०)

सुईणीकडे ती का असावी, हे सांगतो. नावातच आहे, कळ लावणारी. बाळंतपण अडलं, वार पडेना, की कंद उगाळून तळपायाला लेप लावायचे आणि काम झालं की लगेच धुऊन काढायचे, असं जुन्या ग्रंथांतही आहे. बाहेरूनच. आज याची काहीच गरज नाही, अडलं की दवाखाना. पण पन्नास वर्षांपूर्वी रात्री बोरीला पूर आलेला असताना त्या बाईकडे दुसरं काय होतं?

बोरीकाठची_लेक (मंगळवार, रात्री १०:२०)

काल कानबाईचं विसर्जन झालं. प्रसादाचे रोट संपवायला अजून भाऊबंद घरात आहेत. आज आत्यानेच फोन केला, डोळ्याची पट्टी निघाली म्हणून. मी पहिल्यांदा पुरचुंड्यांचं विचारलं. ती म्हणाली, चिठ्ठ्या मी माझ्यासाठी लिहिल्या होत्या, मायला त्यांचा काय उपयोग? तिची खूण गाठींत होती. एक गाठ म्हणजे पोटात देता येतं. दोन गाठी म्हणजे वरून लावायचं. तीन गाठी आणि लाल फडकं म्हणजे तिच्याशिवाय कोणी सोडायचं नाही. “हाई तोंडमा घालानं नही,” असं ती आत्याला प्रत्येक वेळी सांगायची, आणि लेप लावून झाला की राखेने कोपरापर्यंत हात घासायची.

पहिल्या दिवशी मी इथे गाठी मोजून लिहिल्या होत्या. तिने सांगून ठेवलेलं होतं, मला वाचता आलं नाही.

आत्या दिवाळीला येते आहे. आम्ही दोघी बसून तिला आठवेल ते सगळं लिहिणार आहोत, गाठींसकट. कळलावीचे सहाही तुकडे मॅडमच्या कॉलेजला देते, ‘विषारी’ लिहिलेल्या बाटलीत राहतील. बिब्बे पांझराकाठ दादांनी सांगितलं तसे चिमट्याने उचलून डब्यात बंद केले.

अक्राणीचा (मंगळवार, रात्री १०:४१)

गाठींची खूण आमच्या आजीकडेही होती, सुतळीला. उद्या आईला विचारतो किती गाठी कशाला.

पांझराकाठ (मंगळवार, रात्री १०:५५)

ताई, आणि सागरगोटे?

बोरीकाठची_लेक (मंगळवार, रात्री ११:०३)

आत्या म्हणाली, बाळंतिणीच्या पोटदुखीला भाजून, आतला गर कुटून द्यायची. आता द्यायला कोणी नाही. पाच भाचीने घेतले, नऊ वर्षांची आहे. आई तिला ओट्यावर गजगे खेळायला शिकवते आहे, अजून आत यायला तयार नाहीत दोघी.